अल खोरची छोटी इटालियन

चिपळूणला परत येऊन तीन आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "कतारला काय काय बघितलंत?" मी म्हणते, समुद्र बघितला, खजुराची झाडं बघितली, आणि गॅरेजं बघितली. लोकांना थट्टा वाटते. पण खरंच, माझ्या सदतीस दिवसांच्या मुक्कामातला बराचसा वेळ एका छोट्या इटालियन गाडीच्या मागे गेला.

मी गेली बावीस वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. माझ्याकडे शिकायला येतात त्या बहुतेक बायकाच. माझी धाकटी बहीण मंजिरी अकरा वर्षं कतारमध्ये आहे. तिचे यजमान संतोषराव रास लफानच्या गॅस प्लँटमध्ये आहेत, म्हणून त्यांचं घर जवळच्या अल खोर गावात. दोहा तिथून तासाभराच्या अंतरावर. मंजू लग्नाआधी रत्नागिरीला केमिस्ट्री शिकवायची. ऑगस्टमध्ये तिचा फोन आला. "ताई, दोह्यात एका शाळेत नोकरी मिळालीय. लॅबसकट. पण शाळेची बस अल खोरला येत नाही. तू ये. मला गाडी घ्यायचीय आणि चालवायचीय."

"लायसन आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. चौथ्या वेळी मिळालं. त्यानंतर दोन-तीनदाच चालवली, मग सोडून दिली."

अल खोर

अल खोर हे किनाऱ्यावरचं गाव, पण कोकणातल्या माणसाला तिथला समुद्र ओळखू येत नाही. लाट नाही, आवाज नाही. पाणी नुसतं पसरलेलं आणि कडेला तिवरांची झाडं. बंदराजवळ मासळी मिळते. सुरमई बघून मी हरखले, पण तिथे मासळी घासाघीस न करता घेतात, मुकाट्याने बोट दाखवायचं. मला ते जमलं नाही. विक्रेता हसला आणि दोन बांगडे फुकट टाकले.

पहिल्याच संध्याकाळी जेवताना विषय निघाला. घरी एक मोठी, जीपसारखी उंच गाडी होती. संतोषराव कंपनीच्या बसने कामाला जातात, त्यामुळे ती दारात उभीच असते. ते म्हणाले, "ताई, गाडी आहेच की. हिने ती चालवावी. दुसरी कशाला?"

मंजू चार फूट दहा इंच आहे. ती म्हणाली, "त्या गाडीत मला बॉनेटच्या पुढचं काही दिसत नाही. दोनदा खांबाला घासलीय. मला माझ्या मापाची गाडी पाहिजे."

"अल खोरच्या रस्त्यावर छोटी गाडी? नाही." संतोषरावांनी ताट बाजूला सारलं. ते आवाज चढवणारे नाहीत. तेवढंच बोलून उठले.

त्यांची लेक इरा बारा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती माझ्या कानात म्हणाली, "मावशी, बाबा वोंट टेल यू व्हाय. बट देअर इज अ रीझन."

शाळेत रुजू व्हायचा रविवार सतरा दिवसांवर होता. तिकडे आठवड्याची सुरुवात रविवारी होते.

पुढचे चार दिवस आम्ही टॅक्सीने हिंडून गाड्या बघितल्या. मंजू प्रत्येक गाडीत बसायची, सीट वर-खाली करायची, आरशात बघायची आणि उतरायची. दहा गाड्या झाल्या. मग शिक्षकांच्या एका ग्रुपवर तिला एक फोटो दिसला. फिकट निळी, दोन दारांची, बुटकी गाडी. खाली लिहिलं होतं, 'मालकीण अमेरिकेला परत जात आहे. गाडी चांगल्या माणसाला द्यायची आहे.'

वेस्ट बे

वेस्ट बे म्हणजे दोह्यातला उंच इमारतींचा भाग. सगळी ऑफिसं आणि हॉटेलं तिथे. त्यातल्या एका टॉवरच्या तळघरात गाडी उभी होती आणि तिच्याजवळ घडीच्या खुर्चीवर मालकीण बसली होती. डॉना नाव. साठीची, उंच, केस पांढरे. संगीत शिकवायची. आम्हाला तिने थर्मासमधला चहा दिला, आणि मग आम्ही तिला गाडीबद्दल विचारण्याऐवजी तिनेच मंजूला प्रश्न विचारले. रोज किती अंतर? सावलीत उभी राहील का? आवाज बदलला तर तुला कळेल का?

"कळेल," मंजू म्हणाली. "नाही कळलं तर माझ्या बहिणीला कळेल."

ही गाडी कंपनीने खास अमेरिकेच्या बाजारासाठी बनवलेली होती. इटलीचं डिझाइन, दाराच्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर 'मेक्सिकोत तयार' आणि विकली गेली अमेरिकेत. युरोपातल्या गाडीपेक्षा हिचा बंपर जाड, गियर ऑटोमॅटिक, मीटर मैलांचा, तापमान फॅरनहाइटमध्ये. डॉनाने ती तिच्या गावात नवी घेतली तेव्हा लोक हसले होते. तिकडे ज्याच्या त्याच्याकडे ट्रकएवढी गाडी. "पेट्रोल पंपावर माणसं विचारायची, बाकीची अर्धी गाडी कुठाय?" दोन वर्षांत ज्या शोरूममधून घेतली ते बंद झालं. जवळचा मेकॅनिक म्हणाला, परदेशी गाडीला मी हात लावत नाही. मग तिने हळूहळू स्वतःच शिकून घेतलं. तेल बदलणं, प्लग बदलणं, सुटे भाग मागवणं. सगळं एका जाड फाइलमध्ये लिहून ठेवलं. कतारला नोकरी लागली तेव्हा गाडी जहाजातून सोबत आणली.

"सोडून का नाही आलात?" मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"नवरा गेला त्या वर्षी घेतली होती. मी एकटीने घेतलेली पहिली गोष्ट."

मी बॉनेट उघडलं. तेल बघितलं, स्वच्छ होतं. टायरवरचा बनवल्याचा शिक्का बघितला, जुने होते. इंजिनच्या एका बाजूला, जिथून गरम पाणी रेडिएटरकडे जातं तिथल्या प्लॅस्टिकच्या भागावर, गुलाबी वाळलेला ओघळ होता. मी मंजूला बाजूला घेतलं. "हे गळतंय. आज नाही तर उद्या त्रास देणार. गाडी चांगली आहे, पण हे माहीत असून घ्यायची."

मंजू गाडीत जाऊन बसली. सीट वर केली. बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिली. मग काच खाली करून म्हणाली, "ताई, बॉनेटची कड दिसतेय."

नावावर करण्याआधी सरकारी तपासणी करून घ्यावी लागते. डॉनाने सरळ किल्ली मंजूच्या हातात दिली. "घेऊन जा. पास झाली तर बोलू."

रस्त्याच्या कडेला

तपासणी केंद्राकडे गाडी मंजूच चालवणार होती. चिपळूणला माझ्या शिकवायच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असतो. इथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते, स्टिअरिंग डावीकडे, आणि मी बसले उजवीकडे, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे. समोर ना स्टिअरिंग ना ब्रेक. पहिल्या दहा मिनिटांत मी पायाने कार्पेट इतकं दाबलं की पोटरी दुखायला लागली. मंजू मात्र नीट चालवत होती. मी फक्त दोनच वाक्यं बोलत होते, "आरसा" आणि "घाई नको."

बाहेरच्या तापमानाचा आकडा एकशे आठ दाखवत होता. आपले बेचाळीस. मोठ्या रस्त्याला लागल्यावर मंजू म्हणाली, "ताई, ती सुई वर चाललीय."

इंजिनच्या गरमीची सुई लाल खुणेकडे सरकत होती. मागे पाण्याचे टँकर, शेजारून पांढऱ्या उंच गाड्या सुसाट. थांबायला कडेची पट्टी तिथे नव्हतीच, काम चालू होतं म्हणून सिमेंटचे अडथळे लावलेले.

"एसी बंद कर. काचा खाली. आता हीटर लाव, पूर्ण."

"हीटर?"

"इंजिनची गरमी आत येऊ दे. लाव."

त्या उन्हात आम्ही दोघी बहिणी हीटर लावून चाललो होतो. तोंडावर भट्टीची हवा. मंजूचा चेहरा लाल झाला, घाम डोळ्यांत उतरत होता, पण तिने हात स्टिअरिंगवरून हलवला नाही. "सुई थांबली," ती म्हणाली. दीड किलोमीटरवर अडथळे संपले, तिने सिग्नल दिला, आरसा बघितला, कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मग उतरून वाळूत उभी राहिली आणि दोन्ही हातांनी तोंडावरचा घाम पुसला.

मी बॉनेट उघडते तर वाफ. मी तिच्यावर ओरडले, "झाकणाला हात लावू नकोस, भाजशील!" तेवढ्यात मागे थांबलेल्या टँकरमधून आवाज आला, "काय झालं ताई? गाडी तापली व्हय?"

माणूस अंबाजोगाईकडचा निघाला. महादेव नाव. सहा वर्षं इथे टँकर चालवतो, बायको-मुलं गावी. इंजिन निवेपर्यंत त्याने आम्हाला टँकरच्या सावलीत बसवलं, थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि मग गाडीत पाणी ओतलं. मंजूने पैसे काढले तर म्हणाला, "ठिवा ते. मराठीत कुणी ओरडलेलं लई दिसांनी ऐकलं." त्याने इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजचा पत्ता दिला. "युसूफभाई. कोकणातले हायत. खोटं बोलत न्हाईत. हळू चालवा, मी मागं राहतो." आणि खरंच गॅरेजच्या वळणापर्यंत मागे राहिला.

युसूफभाईंचं गॅरेज

युसूफभाई बाणकोटच्या बाजूचे. साठीचे, डोक्यावर टोपी, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. माझी बोली ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "चिपलूनच्या? बसा बाय, बसा. आदी च्या घ्या."

त्यांनी गाडी बघितली. मला दिसला होता तोच प्लॅस्टिकचा भाग तडकला होता. दुरुस्ती अर्ध्या तासाची. अडचण भागाची होती. "ह्या गाडीचा आखाती मॉडेल इथं मिलतो. पर ही अमेरिकेची. इंजिन येगला. पार्ट अमेरिकेसनं मागवावा लागंल. तीन आठवडे तरी."

रविवार अकरा दिवसांवर होता.

मंजूने डॉनाला फोन लावला आणि जे घडलं ते सांगितलं. डॉना म्हणाली, "थोडं पाणी कमी होतं हे मी फाइलमध्ये लिहिलंय, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं. सॉरी. गाडी परत दे, मी भंगारात देते. तू अडकू नकोस."

संध्याकाळी संतोषराव शिफ्टवरून आले. सगळं ऐकून माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा हिला. तुमचं ऐकेल."

मी म्हणाले, "गाडी कशी आहे ते मी सांगेन. घ्यायची की नाही ते ती ठरवेल."

मंजू भांडी घासत होती. नळ बंद करून मागे वळली. "अकरा वर्षं मी तुमच्या शिफ्टवर जगतेय. बाजार तुमच्या सुट्टीला, डॉक्टर तुमच्या सुट्टीला. मी तक्रार केली नाही, तुम्ही कष्ट करताय ते मला दिसतं. पण ही नोकरी मी सोडणार नाही. आणि त्या रस्त्यावर सुई वर चढत असताना गाडी कडेला आणली ती मी. दुसऱ्या कुणी नाही. ती गाडी मी भंगारात जाऊ देणार नाही."

संतोषराव टॉवेल उचलून अंघोळीला गेले.

रात्री जेवण झाल्यावर मंजू डॉनाची फाइल घेऊन बसली. लॅबमध्ये वही तपासावी तशी पेन्सिल घेऊन. इरा शेजारी बसून अक्षर लावायला मदत करत होती. डॉनाचं अक्षर बारीक. थोड्या वेळाने इरा ओरडली, "आई, रीड धिस!" समासात एक टीप होती. डॉनाला अमेरिकेतही एकदा हाच भाग मिळत नव्हता, तेव्हा तिने शोधून काढलं होतं की त्याच कंपनीच्या दुसऱ्या एका, जरा मोठ्या गाडीला हेच इंजिन बसवतात. पुढे भागाचा नंबर.

दुसऱ्या दिवसापासून आमची फेरी सुरू झाली. तडकलेला भाग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आम्ही एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. दुकानदार कोणी केरळचे, कोणी पाकिस्तानी, कोणी सीरियन. मंजू हिंदीत, इंग्रजीत आणि चार शब्द अरबीत बोलायची. "नहीं है" हे मी त्या दोन दिवसांत इतक्या उच्चारांत ऐकलं! एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये गाड़ी छोड़ दो, जापानी ले लो." मंजूने अरबीत आभार मानले, "शुक्रन," आणि पुढच्या दुकानात शिरली. दुपारी आम्ही खिडकीतून मिळणारा कडक चहा प्यायचो. त्याला तिथे 'करक' म्हणतात. आटीव दुधाचा, वेलचीचा, आपल्या टपरीवरच्यापेक्षा गोड. त्यावर आम्ही दोन दिवस काढले म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका सीरियन म्हाताऱ्याने पिशवीतला भाग उजेडात धरला, आत गेला आणि बऱ्याच वेळाने धूळ बसलेलं खोकं घेऊन आला. नंबर डॉनाच्या फाइलमधलाच. मंजूने दोन्ही भाग काउंटरवर शेजारी ठेवून भोकं मोजली, अंतरं ताडून बघितली. फक्त वायर जोडायची खोबणी वेगळी होती. म्हातारा म्हणाला, "इन्शाल्ला बसेल." मंजू म्हणाली, "इन्शाल्ला नको, फोटो काढते." तिने युसूफभाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, 'आना. जुना सॉकेट काडून लावतो.'

युसूफभाईंनी तो बसवला. तोवर त्यांच्या घरून डबा आला होता. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. गॅरेजच्या मागच्या खोलीत पंख्याखाली बसून आम्ही ती खाल्ली आणि मला क्षणभर कुठल्या देशात आहे ते आठवेना. जेवण झाल्यावर त्यांनी गाडी तासभर चालू ठेवली, भर उन्हात. सुई मध्यावर. "आता टायर बदला," ते मंजूला म्हणाले, "आनि भिऊ नका बाय. गाडी लहान हाय, पर ब्रेक झकास हायत."

टायर बदलले. तपासणी पास झाली. डॉनाने सही केली, आणि फाइलही मंजूला दिली. गाडीच्या छपरावर दोनदा थोपटलं आणि मागे न बघता लिफ्टकडे गेली.

सराव

उरले सहा दिवस. पहाटे सूर्य वर यायच्या आत आम्ही निघायचो. आधी अल खोरचे चौक, मग समुद्राकडचा रस्ता, मग दोह्याचा मोठा रस्ता. मीटर मैलांचा आणि पाट्या किलोमीटरच्या. इराने एक कागद करून दिला, शंभर म्हणजे बासष्ट, एकशे वीस म्हणजे पंचाहत्तरच्या आत. दोन दिवसांत मंजूला कागद लागेना. तिकडे मागची गाडी जवळ येऊन दिवे चमकवते, 'बाजूला हो' म्हणून. पहिल्यांदा मंजू दचकली. मी म्हणाले, "दिवे त्याचे आहेत. लेन बदलायची वेळ तू ठरवायची." पाचव्या दिवशी एकाने दिवे मारले तर ती शांतपणे म्हणाली, "यल्ला, चल बाबा, जातेय, थांब," आणि आरसा बघून बाजूला झाली.

संतोषराव एकदाही गाडीत बसले नाहीत.

रविवार

सकाळी पाचला मंजू तयार होती. मोरपंखी साडी, पायात सपाट चप्पल. मी तिच्या शेजारी जायचं असं ठरलं होतं, येताना मी टॅक्सीने येणार होते. मी पट्टा लावला. तेवढ्यात कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली आणि रात्रपाळी संपवून संतोषराव उतरले. निळा कामाचा वेष तसाच. ते गाडीजवळ आले, मागची जागा बघितली, आणि म्हणाले, "मीही येतो."

मंजूने स्टिअरिंगवरचे हात काढले. "नको. आणि ताई, तूही उतर."

"मंजू, पहिलाच दिवस आहे."

"म्हणूनच. तू शेजारी असलीस तर मी तुझ्याकडे बघेन. उतर."

बावीस वर्षांत मी स्वतः गाडीतून उतरून शेकडो जणींना एकटीने पुढे जाऊ दिलंय. मला कुणी उतरवलं नव्हतं. मी पट्टा काढला.

निळी गाडी कोपऱ्यावर वळली. सिग्नल वेळेवर दिला, एवढं मी बघून घेतलं. वर घरात येऊन आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलो. संतोषरावांनी बूटही काढले नव्हते. मग खाली वाकून नाड्या सोडता सोडता ते बोलायला लागले.

त्यांचा एक सोबती होता, नाशिकचा. एकाच बॅचला दोघं आले होते. त्याचीही अशीच छोटी गाडी. चार वर्षांपूर्वी संतोषरावांची बस अल खोरच्या त्याच रस्त्याने येत होती आणि पुढे गर्दी दिसली. "गाडी मी ओळखली, ताई. बसमधून उतरलो. त्याच्या बायकोला फोन करायचं काम माझ्याकडे आलं. मंजूला मी सांगितलं की अपघात झाला, तो गेला. फोन मी केला हे नाही सांगितलं. ती बाई पलीकडून विचारत होती, गाडीला जास्त लागलं नाही ना? तिला वाटलं मी गाडीबद्दल बोलतोय."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. "हे मंजूला सांगा."

"सांगितलं तर ती चालवणार नाही."

"चालवेल. पण तुम्ही का अडवत होतात ते तिला कळेल."

सहा वाजून वीस मिनिटं झाली. फोन वाजला. माझा. मी तो टेबलाच्या मधोमध ठेवून स्पीकर लावला.

"ताई, पोचले. सुई मध्यावर होती सगळा वेळ. पार्किंग भरलंय, भिंतीजवळ एक अरुंद जागा उरली होती, तिथे लावली. दोन बायका बघत उभ्या होत्या. ठेवते, प्रार्थनेला जायचंय."

"थांब," मी म्हणाले. "इथे कुणीतरी आहे."

संतोषरावांनी मान हलवून नको म्हटलं. मग पुढे वाकले.

"मंजू," ते म्हणाले, "शाळेतून आलीस की मला तुला एक सांगायचंय. आणि मग... मला बाजारापर्यंत घेऊन जा. तुझ्या गाडीतून."

पलीकडे शाळेची घंटा ऐकू आली.

"साडेतीनला तयार राहा," ती म्हणाली. "मी हॉर्न वाजवणार नाही. खाली येऊन उभे राहा."

संतोषराव तीन वाजताच खाली जाऊन उभे होते. मी वरून खिडकीतून बघत होते. ऊन कडक होतं आणि ते सावलीत गेले नाहीत.